एचबीसीयूमध्ये कॅम्पस हायरिंगला जायचंय, कुणाला अनुभव आहे का?

केरीकर:

नमस्कार मंडळी. मी नॉर्थ कॅरोलायनात रालेजवळ केरीला राहतो, मूळचा साताऱ्याचा, इथे येऊन सोळा वर्षं झाली. एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे, नाव सांगत नाही, फार मोठी नाही आणि अगदी चिल्लरही नाही. तर झालंय असं की यंदाच्या कॅम्पस हायरिंगच्या यादीत दोन एचबीसीयू घातल्यात (म्हणजे हिस्टॉरिकली ब्लॅक कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज, मुळात ब्लॅक लोकांच्या शिक्षणासाठी निघालेली कॉलेजं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी), आणि ते घोंगडं आलंय माझ्या गळ्यात. कारण काय, तर ग्रीन्सबरो माझ्या घरापासून सव्वा तासावर आहे. बस्स, एवढंच क्वालिफिकेशन. आधी या सगळ्याला आमच्याकडे डायव्हर्सिटी रिक्रूटिंग म्हणायचे, जानेवारी २०२५ ला ट्रम्प परत आल्यानंतर एचआरने गुपचूप नाव बदलून 'रीजनल टॅलेंट' केलं, काम तेच, फोल्डरसुद्धा तोच.

आता खरं सांगतो, हसू नका. मला या कॉलेजांबद्दल काहीही माहिती नाही. सोळा वर्षांत एकदाही त्या कॅम्पसवर पाय ठेवलेला नाही. टीममध्ये बावीस जण आहेत, त्यात नऊ देशी, चार एन सी स्टेटचे (ही रालेची युनिव्हर्सिटी) गोरे, बाकी इकडचे तिकडचे, आणि ब्लॅक फक्त एक, तोही घानाहून एमएसला आलेला. गेल्या वर्षी आमची एचआरची टीम एका कॅम्पसवर गेली होती, स्टॉल लावला, पाण्याच्या बाटल्या वाटल्या, १४० रेझुमे घेऊन आली आणि भरती किती तर शून्य. बॉस म्हणतो "पाइपलाइनच नाहीये, आपण तरी काय करणार", म्हणजे घेण्यासारखी मुलंच तिकडून येत नाहीत. मला ते पटत नाही पण उलट बोलायला माझ्याकडे काही नाहीये.

कुणी गेलंय का अशा कॅम्पसवर? मुलं कशी असतात, काय विचारायचं, काय विचारायचं नाही? मला तिथे जाऊन मूर्ख दिसायचं नाहीये.


जुना_मास्तर:

केरीकर, घोंगडं कसलं हो, चांगलं काम आलंय वाट्याला. मी एका एचबीसीयूत कॉम्प्युटर सायन्स शिकवतो, एकोणीस वर्षं झाली, कुठल्या ते सांगत नाही कारण अजून पगार तिथूनच येतो.

आधी थोडा इतिहास, कंटाळा आला तरी वाचा, कारण तो माहीत नसला की माणूस तिथे जाऊन "तुमच्याकडे लॅब एवढीच का" असले प्रश्न विचारतो. सगळ्यात जुनं चेनी, पेनसिल्व्हेनियातलं, १८३७ सालचं. म्हणजे दक्षिणेत माणसांचे लिलाव चालू होते तेव्हाचं. पण बहुतेक कॉलेजं यादवी युद्ध संपल्यावर निघाली, फिस्क १८६६, हॉवर्ड आणि मोरहाउस १८६७, टस्कीगी आणि स्पेलमन १८८१. मग आला १८९० चा मॉरिल कायदा. केंद्राने राज्यांना सांगितलं की शेती आणि यंत्रविद्येच्या कॉलेजला आमचे पैसे हवे असतील तर ब्लॅक पोरांनाही प्रवेश द्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळं कॉलेज काढा. दक्षिणेतल्या राज्यांनी यातलं काय निवडलं असेल ते सांगायला नको. तुमच्या ग्रीन्सबरोचं नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी त्यातूनच निघालं, १८९१ ला. आणि रालेचं एन सी स्टेट १८८७ चं. म्हणजे एकाच राज्याची ही दोन लेकरं, चार वर्षांच्या अंतराने झालेली. एकाला दूध मिळालं आणि दुसऱ्याला ताक. तुमच्या टीममध्ये एन सी स्टेटचे चार आणि ए अँड टीचे शून्य, याचं मूळ तिथे आहे.

ताक म्हणतो ते उगाच नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण आणि शेती खात्याच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरना पत्रं लिहिली, हिशोब करून, की गोऱ्यांच्या लँड-ग्रँट (म्हणजे अशाच केंद्राच्या मदतीवर निघालेल्या) युनिव्हर्सिटीला माणशी जेवढं दिलंत तेवढं इकडे दिलं असतं तर १९८७ ते २०२० मध्ये या कॉलेजांना मिळून १२ अब्ज डॉलरहून जास्त मिळाले असते. एकट्या टेनेसी स्टेटचे २.१ अब्ज. तुमच्या राज्याचे २ अब्जांच्या आसपास. मेरीलँडमध्ये तर केसच झाली होती, २००६ ला सुरू, २०२१ ला मिटली, ५७७ दशलक्ष डॉलर चार कॉलेजांना. पंधरा वर्षं! एवढ्यात मुलाची मुंज होऊन तो कॉलेजला जातो.

या पैशाचा कॉम्प्युटर सायन्सशी काय संबंध, तर असा: मी एका सेमिस्टरला चार विषय शिकवतो. मोठ्या रिसर्च युनिव्हर्सिटीतला माझा मित्र एक शिकवतो, कधीकधी दोन. उरलेल्या वेळात तो ग्रँट लिहितो, कंपन्यांमधल्या जुन्या विद्यार्थ्यांशी गप्पा मारतो, पोरांना इंटर्नशिपला ढकलतो. माझ्याकडे तेवढा वेळच नसतो हो. आमच्या वर्गातल्या व्हाईटबोर्डचे मार्करसुद्धा सुकलेले असतात, मी खिशात स्वतःचे घेऊन फिरतो.

एवढं असूनही या शंभरेक कॉलेजांतून काय निघालंय बघा. नासाची कॅथरीन जॉन्सन वेस्ट व्हर्जिनिया स्टेटची, डोरोथी व्हॉन विल्बरफोर्सची, मेरी जॅक्सन हॅम्प्टनची. आपण फोनवर जीपीएस लावून मंदिरात जातो ना, त्याच्यामागे पृथ्वीच्या आकाराचं जे गणित आहे त्यात मोठा वाटा असलेल्या ग्लॅडिस वेस्ट, त्या व्हर्जिनिया स्टेटच्या. चॅलेंजर यानात गेलेला रोनाल्ड मॅकनेअर ए अँड टीचा, १९७१ ची बॅच, तिथून एमआयटीला पीएचडी. आजही देशात सगळ्यात जास्त ब्लॅक इंजिनिअर कुठून पदवी घेतात तर ए अँड टीमधून. तुमच्या घरापासून सव्वा तास. बॉसला सांगा पाइपलाइन आय-४० हायवेवर आहे.

काय करायचं ते सविस्तर लिहितो, आत्ता क्लास आहे.


तर्कट:

मला लगेच व्हिलन करू नका पण कुणीतरी विचारलं पाहिजे. कंपनीने बेस्ट माणूस घ्यावा ना, कॉलेज ब्लॅक का व्हाईट कशाला बघायचं? आपण काय कोट्यातून आलो का इकडे? जीआरई दिली, कर्ज काढून एमएस केलं, एच-वन-बीच्या लॉटरीत तीनदा नाव टाकलं, शंभर इंटरव्ह्यू दिले. आम्हाला कुणी कॅम्पसवर येऊन पाण्याच्या बाटल्या वाटल्या नाहीत. इतिहास वाईट आहे मान्य, पण कोड कंपाइल होतो का नाही एवढाच प्रश्न असतो शेवटी. आणि मुळात एखाद्या वंशासाठी वेगळं कॉलेज ही कल्पनाच आता २०२५ मध्ये कशाला हवी?


अटलांटाची_माई:

तर्कट भाऊ, व्हिलन नाही करत, पण दोनतीन गोष्टी सांगते. मी अटलांटात बावीस वर्षं आहे, त्यातली दहा इंटरव्ह्यू पॅनेलवर काढली.

पहिलं म्हणजे ही कॉलेजं "वंशासाठी वेगळी" नाहीत. कुणालाही प्रवेश आहे. सगळ्या एचबीसीयू मिळून साधारण चौथा हिस्सा विद्यार्थी ब्लॅक नाहीत. वेस्ट व्हर्जिनियात ब्लूफील्ड स्टेट म्हणून एचबीसीयू आहे तिथे तर बहुसंख्य मुलं गोरी आहेत. वेगळं ठेवलं होतं ते बाकीच्या कॉलेजांनी. १९६५ च्या हायर एज्युकेशन अ‍ॅक्टमध्ये एचबीसीयूची व्याख्या आहे, १९६४ च्या आधी निघालेलं आणि ब्लॅक लोकांच्या शिक्षणासाठी काढलेलं, म्हणजे नवीन एचबीसीयू काढताच येत नाही, आहेत ती आहेत. आणि त्याच १९६५ साली इमिग्रेशनचा कायदा बदलला, देशानुसारचे जुने कोटे गेले, म्हणून आपले लोक इकडे येऊ शकले. तो बदल सिव्हिल राइट्सच्या चळवळीच्या रेट्यातच झाला. म्हणजे आपण कुणाच्या खांद्यावरून आत आलो ते जरा बघा. आणि आपल्या गणपतीच्या पॉटलकमध्ये त्यांच्याबद्दल काय काय बोललं जातं ते मी इथे लिहीत नाही, सगळ्यांना माहितीये.

दुसरं, मेरिट. २०१४ ला गूगलने पहिल्यांदा आपले आकडे जाहीर केले, अमेरिकेतल्या कर्मचाऱ्यांत ब्लॅक २ टक्के, टेक्निकल कामात १ टक्का. त्या वर्षांत देशातल्या कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांत ब्लॅक मुलं नऊ-दहा टक्क्यांच्या घरात होती. आता सगळ्या पदव्या सारख्या नसतात हे मान्य, पण दहाचे एक होतात तेव्हा मधे कुठेतरी गाळण आहे, आणि ती गाळण मी रोज बघितलीये.

एक उदाहरण देते. आमच्या पॅनेलवर एक मुलगा आला होता, इथल्याच एका एचबीसीयूचा. ग्राफचा प्रश्न होता. त्याने प्रश्न वाचला, तीन-चार मिनिटं एक शब्द बोलला नाही, मग बोर्डवर सरळ बरोबर उत्तर लिहिलं, एक एज केस सुटली होती ती विचारल्यावर पटकन दुरुस्त केली. माझ्या शेजारच्याने फॉर्मवर लिहिलं "कम्युनिकेशन वीक, मोठ्याने विचार करत नाही". मी त्या मुलाला नंतर लिफ्टपाशी विचारलं, अरे तू बोलत का नव्हतास? तो म्हणाला, "मॅम, मला वाटलं बोलणं म्हणजे चीटिंग केल्यासारखं दिसेल, परीक्षेत बोलत नाहीत ना." त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की इथे बडबड करायची असते! आपल्या पोरांना हे सांगायला सीनियर असतो, रूममेट असतो, मावसभाऊ असतो. त्या मुलाच्या घरात तो पहिला इंजिनिअर. त्याला नाही घेतलं. मी भांडले, पण एकटीच होते. अजून टोचतं ते.

अटलांटात एक जुनी व्यवस्था आहे ती सांगण्यासारखी आहे. मोरहाउस, स्पेलमन वगैरे कॉलेजं एकमेकांना लागून आहेत, तिथे तीन वर्षं आणि मग जॉर्जिया टेकला दोन, दोन पदव्या मिळतात, १९६९ पासून चालू आहे. त्यातून आलेले इंजिनिअर माझ्याबरोबर काम करतात, कुणाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं की हा कुठून आला. स्पेलमनच्या मुलींची रोबॉटची टीम २००५ ला जपानला ओसाकात रोबोकपला जाऊन आली होती, ब्लॅक मुलींची टीम तिथे पहिल्यांदाच. वीस वर्षं झाली त्याला, आणि अजून कंपन्या विचारतात मुली कुठे मिळतील.


जुना_मास्तर:

आलो परत. माईंनी लिफ्टचा किस्सा सांगितला तो माझ्या वर्गात दर वर्षी घडतो.

केरीकर, आता कामाचं. एक, तारखा. मोठ्या कंपन्यांच्या पुढच्या उन्हाळ्याच्या इंटर्नशिपचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरला उघडतात आणि ऑक्टोबरपर्यंत निम्म्या जागा गेलेल्या असतात. माझी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं फेब्रुवारीत येऊन विचारतात "सर, समर इंटर्नशिप कुठे मिळेल". ज्या घरात आधी कुणी हे केलेलं नाही तिथे हे कॅलेंडर माहीत असायचं कारणच नाही. म्हणून तुम्ही सप्टेंबरच्या करिअर फेअरला एकदा येऊन गेलात तर उपयोग शून्य. जानेवारीत या, पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या मुलांना भेटा, जेव्हा तुम्हाला त्यांच्याकडून काही नकोय तेव्हा.

दोन, जीपीए. माझ्याकडे एक मुलगी आहे, नाव नाही सांगत, रात्री दहा ते पहाटे सहा गोदामात पाळी करते, आठ वाजता माझ्या ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या वर्गात पहिल्या बाकावर असते, डोळे लाल. जीपीए ३.१. आमची निम्म्याहून बरीच जास्त मुलं पेल ग्रँटवर आहेत, म्हणजे घरची मिळकत कमी असलेली. तुमच्या एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये ३.५ ची चाळणी असेल तर ती मुलगी तुम्हाला कधीच दिसणार नाही, आणि गेल्या सेमिस्टरला तिने लिहिलेला शेड्यूलर मी आता उदाहरण म्हणून पुढच्या वर्गाला दाखवतो.

मोठ्या कंपन्यांनी काय केलं तेही सांगतो, कारण तुमचा बॉस विचारेल. गूगलने २०१३ ला आपले इंजिनिअर हॉवर्डला पाठवले, पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवायला. २०१७ ला उलटं केलं, 'हॉवर्ड वेस्ट' नावाने मुलांनाच माउंटन व्ह्यूच्या कॅम्पसवर नेलं, आधी एका उन्हाळ्यापुरतं, पुढच्या वर्षी त्याचं टेक एक्स्चेंज करून इतर कॉलेजांनाही घेतलं. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर तर पैशांचा पूर आला, अ‍ॅपल आणि सदर्न कंपनीने मिळून अटलांटात एचबीसीयूंसाठी प्रोपेल सेंटर जाहीर केलं, आयबीएमने हॉवर्डला पुढे ठेवून क्वांटम सेंटर काढलं, २०२१ ला गूगलने दहा कॉलेजांना ५०-५० लाख डॉलर दिले. चांगलं झालं, नावं ठेवत नाही. पण माझ्या अनुभवात धनादेशाचा फोटो निघतो आणि मग मधल्या मॅनेजरची बदली होते आणि फोन उचलायला कुणी नसतं. बोईंग, लॉकहीडसारख्या जुन्या कंपन्या गाजावाजा न करता वर्षानुवर्षं त्याच कॅम्पसवर येतात, तीच माणसं, त्यातली काही तिथलीच माजी विद्यार्थी, आणि म्हणून आमची मुलं तिकडेच जातात. सिलिकॉन व्हॅलीवाले म्हणतात मुलं येत नाहीत. अहो, शेजारी रोज चहाला येणारा आणि पाच वर्षांतून एकदा मोठा बुके घेऊन येणारा, यातला जवळचा कोण?


नागसेनवन:

शांतपणे वाचत होतो, पण तर्कट यांनी "वेगळं कॉलेज कशाला" विचारलं म्हणून लिहितो.

मी औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजचा. माझे वडीलही तिथलेच, पहिल्या काही बॅचेसपैकी. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे मुंबईला १९४६ ला सिद्धार्थ काढलं आणि १९५० ला औरंगाबादेत हे कॉलेज. दार सगळ्यांना उघडं, पण मुद्दा हा की मराठवाड्यातल्या ज्या पोराला गावात पाणवठ्यावर उभं राहू देत नव्हते त्याला इथे वर्गात पहिल्या बाकावर बसताना मागे बघावं लागत नव्हतं. वडील सांगायचे, पहिल्या दिवशी प्राध्यापकांनी हजेरी घेताना त्यांना पूर्ण नावाने आणि "तुम्ही" म्हणून हाक मारली, तर त्यांना वाटलं दुसऱ्या कुणाला बोलावतायत, म्हणून ते उठलेच नाहीत. शेजारच्याने कोपर मारलं तेव्हा उठले. हे ज्याला कधी लागलंच नाही त्याला वेगळं कॉलेज कशाला ते कळणं अवघड आहे, दोष देत नाही.

आणि हा धागा आपल्या लोकांनी आज जोडलेला नाही. जोतीरावांनी १८७३ ला गुलामगिरी लिहिलं ते अर्पण कुणाला केलं? अमेरिकेतल्या ज्या लोकांनी निग्रो गुलामांना मुक्त करायला मदत केली त्यांना. त्यानंतर १९४६ ला बाबासाहेबांनी अमेरिकेतले ब्लॅक विचारवंत डब्ल्यू ई बी डु बॉइस यांना पत्र लिहिलं, निग्रोंचा प्रश्न युनोकडे मांडला जातोय त्या अर्जाची प्रत मिळेल का म्हणून, आपल्यालाही तसं करायचा विचार आहे म्हणून. डु बॉइसनी उत्तरही दिलं. हे डु बॉइस फिस्कचे, १८८८ चे पदवीधर. म्हणजे एचबीसीयूचेच. त्यामुळे केरीकर, तुम्ही अगदीच परके म्हणून तिथे जात नाही आहात, फक्त आपल्याला ओळख विसरायला झालीये.

(आणि हो, मिलिंदच्या हॉस्टेलची अवस्था पुढे काय झाली ते मास्तरांच्या मार्करसारखंच आहे, पण तो वेगळा विषय.)


वऱ्हाडी_पोरगी:

मी सध्या एका एचबीसीयूमध्ये एमएस करतेय, दुसरं वर्ष, अमरावतीची. मास्तर काका तुमच्या नाही, दुसऱ्या राज्यात. अ‍ॅडमिशन झाली तेव्हा आत्याने फोनवर पहिला प्रश्न विचारला "सेफ आहे का गं तिथं". पहिल्या आठवड्यात मला ताप आला तर शेजारच्या अपार्टमेंटमधल्या बाईंनी, ज्यांना मी नुसतं हाय म्हटलं होतं, मोठ्या डब्यात चिकन सूप आणून दिलं, मी शाकाहारी आहे हे सांगायची हिंमत झाली नाही, मग त्यांनाच दुसऱ्या दिवशी कळलं आणि त्या बटाटे घेऊन आल्या. आत्याला हे सांगितलं, तिला अजून खरं वाटत नाही.

मला एवढंच सांगायचंय की मेरिट मेरिट करतो ते आपलं किती आणि ग्रुपचं किती. मी पुण्यात बीई केलं. आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी कुणाचा इंटरव्ह्यू झाला की दुपारी प्रश्न, संध्याकाळी उत्तरं, रात्री कुणीतरी रेफरलची लिंक. हे सेकंड इयरपासून. इथे मी टीए (प्राध्यापकांची शिकवणीतली मदतनीस) आहे, तिसऱ्या वर्षाच्या पोरांना मी लीटकोड (इंटरव्ह्यूच्या कोडिंग प्रश्नांच्या सरावाची साइट) हा शब्द सांगितला तर अर्ध्यांनी वहीत लिहून घेतला! हुशार पोरं हो, एक जण तर स्वतःच्या चर्चसाठी अख्खं देणग्यांचं अ‍ॅप लिहून चालवतोय, तीनशे लोक वापरतात, पण रेझुमेवर लिहिलेलंच नाही, म्हणे "ते तर चर्चचं काम आहे, जॉब थोडीच आहे". मी डोक्याला हात लावला. आता दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही सहा-सात जण बसतो, मी त्यांना आमच्या ग्रुपवरचे जुने प्रश्न देते आणि ते मला स्पेड्स हा पत्त्यांचा खेळ शिकवतात. मी फार वाईट खेळते, माझा पार्टनर व्हायला कुणी तयार नसतं.

केरीकर दादा, होमकमिंगच्या (माजी विद्यार्थी परत येतात तो कॉलेजचा वार्षिक सोहळा) आठवड्यात इंटरव्ह्यू ठेवू नका, एवढं लक्षात ठेवा. कुणी येणार नाही. मीसुद्धा येणार नाही, बँड बघायला जाणार.


तर्कट:

सूपचं वाचून बरं वाटलं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मुद्दा मान्य, मलाही पहिली नोकरी रेफरलनेच लागली होती, चुलत बहिणीच्या नवऱ्याने दिला होता. शंभर इंटरव्ह्यूतले नव्व्याण्णव त्याच्या आधीचे. पण अजूनही मला वाटतं की २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्डच्या केसमध्ये जे म्हटलं, की प्रवेशात वंश बघायचा नाही, ते तत्त्व म्हणून बरोबर आहे. कॅम्पसवर जा, शिकवा, सगळं करा, शेवटच्या राउंडला मात्र सगळ्यांना एकच फुटपट्टी.


अटलांटाची_माई:

एकच फुटपट्टी चालेल की. फक्त इंटरव्ह्यूच्या आधी ती सगळ्यांना दाखवा, काही जणांनाच नको.


केरीकर:

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, सगळ्यांचे आभार. जाऊन आलो ग्रीन्सबरोला.

दिवस मिळाला तो फेअरचाच, सप्टेंबरातला, मास्तरांचं ऐकायला उशीर झाला होता. पण स्टॉल नाही लावला. तिथल्या एका प्राध्यापकांना आधी मेल टाकून एक वर्ग मागितला आणि मी आणि टीममधली एक मुलगी, आम्ही दोघांनी चार तास नुसते सरावाचे इंटरव्ह्यू घेतले, सांगून, की याचे मार्क नाहीत. पहिल्याच वाक्याला "मोठ्याने विचार करा, ते चीटिंग नाही" असं सांगितलं, माई. दोन पोरं एकमेकांकडे बघून हसली, म्हणजे लागलं बरोबर.

दुपारी मधल्या वेळात कॅम्पसवरचा तो चौघांचा पुतळा बघितला. १ फेब्रुवारी १९६० ला इथलीच पहिल्या वर्षाची चार पोरं गावातल्या वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांच्या काउंटरवर जाऊन बसली होती, कॉफी मागायला. सतरा ते एकोणीस वर्षांची. तेच दुकान आता म्युझियम आहे, मी त्याच्यासमोरून निदान वीस वेळा गाडी नेली असेल, कधी थांबलो नव्हतो. या वेळी थांबलो, पण पाच मिनिटांनी बंद होणार होतं.

आता मुख्य गोष्ट. शेवटचा मुलगा आला, फायनल इयर, नीट इस्त्रीचा शर्ट. प्रश्न सोडवला, ठीक सोडवला. मग मी म्हटलं तुला काही विचारायचंय का. तो म्हणाला, "हो सर. गेल्या वर्षी मी तुमच्या कंपनीच्या स्टॉलवर रेझुमे दिला होता. त्याचं काय झालं?" रागाने नाही हो, अगदी साधं विचारलं. मला उत्तर येत नव्हतं. म्हटलं बघून सांगतो.

सोमवारी एचआरकडे जाऊन बसलो. १४० रेझुमे एका शीटमध्ये होते. ३.५ ची चाळणी, मास्तर, तंतोतंत. खाली उरले ३१. हा मुलगा त्या ३१ मध्ये होता. आणि ती शीट पुढे कुणाला गेलीच नव्हती, कारण जिने ती बनवली तिने नोव्हेंबरमध्ये नोकरी सोडली आणि तिच्या जागी आलेल्याला शीट आहे हेच माहीत नव्हतं. दहा महिने पडून होती. आणि आम्ही मीटिंगमध्ये बसून पाइपलाइन नाही, पाइपलाइन नाही करत होतो.

बॉसला दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला तीन इंटर्नच्या जागा घे. चाळणी काढायला अजून तयार नाही, "ते ग्लोबल पॉलिसी आहे" म्हणतो, त्याच्यावर भांडण चालू आहे. त्या मुलाला मी स्वतः फोन केला आणि खरं काय झालं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाला, आणि मग सांगितलं की त्याला एका डिफेन्स कंपनीची ऑफर आधीच आलीये, पहिल्या वर्षापासून त्यांच्याकडे दर उन्हाळ्यात जातोय, तिकडेच जाणार. पण त्याचा एक ज्युनिअर आहे, त्याचं नाव देऊ का म्हणाला. दिलं, नंबरही दिला.

वऱ्हाडी पोरगी, होमकमिंगची तारीख कॅलेंडरवर टाकलीये, त्या आठवड्यात काही ठेवणार नाही.

मास्तर, जानेवारीत तुमच्याकडे येऊ का? कॉलेज कुठलं ते खाजगी मेसेजमध्ये कळवा, तीन-चार तासांचा रस्ता असला तरी चालेल. मार्कर मी घेऊन येतो.